32 चा टीव्ही आणि 28 इंचाची शोकेस

आधी माझी चूक सांगते, मग टीव्ही.

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात मधल्या खोलीत भिंतीत लाकडी शोकेस आहे, सासऱ्यांनी 21 इंची डबडा टीव्ही आणला होता तेव्हा सुताराकडून मापानं करून घेतलेली. वरच्या कप्प्यात कपबशा, खालच्यात टीव्ही. तो टीव्ही कधीच गेला, कप्प्यात आता औषधांचे डबे आणि जुन्या लग्नपत्रिका. सोप्यातला, म्हणजे बाहेरच्या खोलीतला, मोठा टीव्ही पोराच्या ताब्यात असतो, म्हणून सासूबाईंना त्यांच्या ह्याच मधल्या खोलीत एक वेगळा घ्यायचा ठरला आणि मला वाटलं रिकामी जागा आहेच की. टेप लावून मोजलं, आतून बरोबर 28 इंच. 32 इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप एवढं मला ठाऊक होतं, आडवं किती ते मोबाईलवर बघितलं तर 27.9. म्हटलं बसतंय, देवानंच सोय केली.

बसत नाही. 27.9 ही नुसती काच झाली, बाजूच्या पट्ट्या धरून आमचा निघाला साडेअठ्ठावीसच्या वर. एक बोट जास्त. ह्यांनी दोन वेळा तिरका करून घालून बघितला, मग कपाळावर हात. तर कोणाकडे जुनी शोकेस असेल आणि त्यात घालायचा विचार असेल तर खोक्यावरचं 'विदाउट स्टँड' असं लिहिलेलं माप बघा, ते सेंटीमीटरमध्ये असेल तर 2.54 नं भागा, मिलिमीटरमध्ये असेल तर 25.4 नं. वर हवा खेळायला चारेक इंच आणि मागं वायर वळायला जागा सोडा. टेबलावर ठेवणार असाल तर आणखी एक भानगड म्हणजे आताच्या बहुतेक टीव्हींना मधे एक पाय नसतोय, दोन टोकांना दोन पाय असतात, त्यामुळे टेबल जवळजवळ टीव्हीएवढाच रुंद लागतो, नाहीतर एक पाय हवेत.

आता दुकान. नाव लिहीत नाही, खडेबाजारातलं आहे, दसऱ्याच्या गर्दीत गेलो होतो. आत गेल्या गेल्या एक पोरगा आला. "वैनी, 43 घ्या की, 32 आता कोण घेतंय ओ? टॅक्स उतरलाय." हे खरं होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी 28 वरनं 18 टक्क्यावर आला, म्हणजे कंपनीनं पूर्ण सोडला तर शंभराला पावणेआठ रुपये कमी. पण पुढं तो 32 वाल्यावर पण "जीएसटी ऑफर" म्हणून स्टिकर दाखवायला लागला तेव्हा मी थांबवलं. 32 पर्यंतच्या टीव्हीला 2019 च्या जानेवारीपासूनच 18 टक्के आहे बाबा, त्यात आता काय उतरलं? तो हसला, म्हणाला "स्टिकर वरनं आलेत वैनी, आमी चिकटवलोय फक्त." बरं.

आमच्या भाऊजींचा एक सल्ला होता की कोल्हापूरला जाऊन घ्या, तिकडं स्वस्त पडतंय. पूर्वी दोन राज्यांचे टॅक्स वेगळे होते तेव्हा तसं असेलही, पण 2017 ला जीएसटी आल्यापासून इकडं निपाणीजवळची राज्याची हद्द ओलांडली काय आणि न ओलांडली काय, टॅक्स तोच. शंभर-सव्वाशे किलोमीटर गाडीत खोकं घालून आणायचं आणि बिघडला की परत तिकडच्या दुकानदाराला फोन करत बसायचं, कशाला.

तर 43 का नको, हे मी जरा सविस्तर लिहिते कारण दुकानात ह्याच मुद्द्यावर माणूस फसतोय. दुकानात भिंतीवर सगळे टीव्ही एकच व्हिडिओ दाखवत असतात, पोपट, समुद्र, कापलेलं कलिंगड, रंग नुसते अंगावर येतात. तो व्हिडिओ मुद्दाम 4के मध्ये केलेला असतो आणि टीव्ही शोरूमच्या मोडवर टाकलेला असतो, उजेड फुल्ल, रंग फुल्ल. आमच्या सासूबाई कलिंगड बघणार नाहीत. त्या संध्याकाळी सातपासून मराठी मालिका बघणार, दुपारी कन्नड, तेही साध्या केबलवर, एचडीचा पॅक आम्ही घेतलेला नाही आणि घेणार पण नाही. साध्या चॅनलचं चित्र असतं 720 गुणिले 576 ठिपक्यांचं. 4के टीव्हीवर ठिपके 3840 गुणिले 2160. कॅल्क्युलेटरवर करून बघा, बरोबर वीस पट. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीनं स्वतःच्या मनानं वीस करायचे. आमच्या नणंदेकडे टिळकवाडीत 43 चा 4के आहे, मोबाईलवरचं, ओटीटीवरचं काहीही लावा, झकास दिसतंय, मॅच तर विचारू नका. आणि केबल लावली की नायिकेचं तोंड साय धरलेल्या दुधासारखं. टीव्ही चांगलाच आहे, चित्रच तेवढं येतंय त्याला तो काय करेल. 32 च्या एचडी रेडी टीव्हीवर ठिपके 1366 गुणिले 768, म्हणजे एकाचे अडीचच करायचे असतात, वर काच लहान, त्यामुळे तेच केबल तिथं बरं दिसतं.

दुसरं अंतर. आमच्या खोलीत कॉटच्या उशीपासून समोरची भिंत सात फूट. 32 च्या एचडी रेडीवर एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर असतो, सहा फुटाच्या पुढं गेलं की धडधाकट डोळ्याला पण तो वेगळा दिसत नाही, आणि सासूबाईंचं तर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. मग 4के चा तो बारीकपणा कुणासाठी? हां, नऊ-दहा फुटाची खोली असेल, पोरं गेम खेळणारी असतील, नेटवरचंच बघणार असाल तर 43 च घ्या, मी अडवत नाही, आता भावातला फरक पण कमी झालाय. आमची खोली म्हणजे एक कॉट, एक कपाट आणि देव्हाऱ्याकडं जायची वाट. 40 चा पण बघितला, तो पावणेपस्तीस इंच आडवा, कपाटाचं दार उघडलं की त्याला आपटणार.

मग मी त्या पोराला म्हटलं, साधं केबल लावून दाखव की. "केबल न्हाई ओ वैनी इथं." काउंटरमागच्या मालकाच्या डोक्यावर एक छोटा टीव्ही चालू होता, त्यावर बातम्या. मी म्हटलं ते काय आहे मग? मालक हसले, "लाव रे लाव, बाईंना पाहिजे ते." तर ती वायर ओढून आणून तीन टीव्हींना एकेक करून लावली, आणि खरं सांगते, पोपटाच्या व्हिडिओत पहिला आलेला टीव्ही बातम्यांत शेवटचा आला. खालची धावणारी पट्टी असते ना बातम्यांची, ती बघायची. एकावर अक्षरं सरकताना मागं सावली सोडत होती, एकावर कडा पांढऱ्या झालेल्या. तिसऱ्यावर साधी, पण वाचता आली. सासूबाईंना विचारलं काय लिहिलंय वाचा, त्यांनी वाचलं. तिथंच अर्धा निकाल लागला.

नंतर मी सरळ खाली फरशीवर बसले. ह्यांना लाज वाटली, पण आमच्या घरात कॉटवर पडून, एका कुशीवर वळून, बाजूनं बघतात, उभं राहून समोरून कोण बघतंय? बाजूनं आणि खालनं बघितल्यावर एका टीव्हीचे रंग धुतल्यासारखे फिकट झाले. ह्याचं कारण आतल्या पॅनलच्या जातीत आहे, व्हीए असेल तर काळा रंग गडद येतो, अंधारात मस्त, पण बाजूला सरकलं की फिकटतो, आणि आयपीएस असेल तर बाजूनं नीट दिसतं पण अंधाऱ्या खोलीत काळा जरा राखाडी वाटतो. कुठल्यात काय आहे ते दुकानातल्याला बहुतेक माहीत नसतंय, खोक्यावर पण लिहीत नाहीत, म्हणून आपणच बाजूला जाऊन बसायचं. झोपायच्या खोलीत माझ्या मते बाजूनं दिसणं महत्त्वाचं. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) वगैरे जे मोठ्या अक्षरात असतं ते ह्या साईजमध्ये सोडून द्या, एचडीआरला जेवढा उजेड लागतो तेवढा ह्या स्वस्त पॅनलला नसतोच, सिग्नल घेतो म्हणून लिहायचं एवढंच.

आवाज. हा आमच्या गल्लीचा खास प्रश्न. शेजारी दोन घरं सोडून कापड विणायचे माग आहेत, दिवसभर खडखड खडखड, आम्हाला ऐकू पण येत नाही आता, पाहुणे आले की म्हणतात काय हो हे. त्यामुळे टीव्हीचा आवाज मोठा असून भागत नाही, शब्द सुटे ऐकू यायला पाहिजेत. दुकान एसीचं, शांत, तिथं सगळेच चांगले वाजतात. वॅट 16, 20, 24 असे लिहिलेले असतात, पण ह्या पातळ टीव्हींचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात, नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मी काय केलं, आवाज एकदम कमी करून बातम्या लावल्या आणि सहा-सात पावलं मागं गेले. कमी आवाजात ज्याचे शब्द कळतात तो घ्यायचा, मोठा केल्यावर सगळेच ओरडतात. घरी आल्यावर सेटिंगमध्ये बोलणं ठळक करायचं एक ऑप्शन सापडलं ते चालू केलं, फरक पडला. तरी दुपारी सगळे माग चालू असले की कन्नड मालिका निम्मी अंदाजानंच. पुढं मागं छोटा साउंडबार लावायचा झाला तर एचडीएमआयच्या एका तोंडाजवळ एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच वायरीतनं बाहेर पाठवायची सोय) लिहिलेलं आहे का बघून ठेवा, एकाच वायरीत काम होतं.

मागची तोंडं मोजा, ही गोष्ट कोणी सांगत नाही. आमचा केबलचा सेट-टॉप बॉक्स जुना, त्याला एचडीएमआय नाहीच, पिवळी-पांढरी-लाल वायर. बऱ्याच नवीन टीव्हींना ती तीन भोकं नसतात, इअरफोनसारखं एकच बारीक भोक असतं आणि त्याला जोडायची आखूड वायर कधी खोक्यात असते कधी नसते. आमच्यात नव्हती. दुकानात परत जाऊन आणली, तीही पहिली चुकीची निघाली, चित्र काळंपांढरं आणि आवाजाच्या जागी गुरगुर, कारण त्या वायरीतली जोडणी सगळ्यांची सारखी नसते. म्हणून टीव्ही घ्यायलाच जाताना सेट-टॉप बॉक्सच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढून न्या.

खेड्यात घर असेल, फ्री डिशवर चालत असेल, तर काही टीव्हींच्या आतच सॅटेलाईटचा ट्यूनर असतो, छत्रीची वायर थेट टीव्हीला लागते आणि फ्री डिशचे जे चॅनल खुले असतात ते वेगळ्या बॉक्सशिवाय दिसतात. खोक्यावर डीव्हीबी-एस2 लिहिलंय का बघायचं. येळ्ळूरच्या मावशींसाठी तसाच बघायचा विचार आहे.

स्मार्टपणाबद्दल थोडक्यात. सॅमसंगचं टायझेन, एलजीचं वेबओएस, बाकी बऱ्याच जणांचं गूगलचं किंवा ॲमेझॉनचं, यूट्यूब सगळ्यात आहे. ह्या साईजमध्ये 1 जीबी रॅमवाले भरपूर आहेत, ते दुकानात पळतात आणि चार ॲप टाकली की रांगतात, दीड-दोन जीबी मिळाला तर बघा. आणि फार जीव लावू नका त्याला, टीव्हीची काच दहा वर्षं चालेल पण आतलं सॉफ्टवेअर आधी म्हातारं होतंय, तेव्हा मागं नेटवरचं दाखवणारी एक स्टिक लावली की झालं. वायफाय बऱ्याच लहान टीव्हींना फक्त 2.4 गिगाहर्ट्झवाला असतो. आमच्या जाड भिंतीतून तोच बरा पोचतो म्हणून मला चाललं.

भाव आमचा पडला साडेचौदा हजार, बिलावर. ऑनलाईन सातशे रुपये कमी दिसत होता पण तिथं फरशीवर बसून बघता येत नाही. स्टॅबिलायझर घ्याच म्हणून मागं लागले होते, तो घेतला नाही. आताच्या टीव्हीच्या मागं 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, व्होल्टेज थोडं खालीवर झालं तर तो आपलं आपण सांभाळून घेतो. खरी भीती विजेची. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा ढग भरून आले की कडकडाट सुरू व्हायच्या आधीच प्लग काढायचा आणि प्लगबरोबर केबलची वायर पण काढायची, खांबावरनं तीच आत येते. मागच्या वळवात शेजाऱ्यांनी प्लग काढला होता, केबल तशीच होती, सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही दोन्ही गेले. करंट गेल्यावर आमचा टीव्ही घरच्या इन्व्हर्टरवर चालतो, मागं 50 वॅट लिहिलंय, एका फॅनएवढाच.

आता तक्रार. दुकानात सांगितलं होतं कंपनीचा माणूस उद्या येऊन बसवेल, तोपर्यंत खोकं उघडू नका. उद्या नाही, परवा नाही, पाचव्या दिवशी आला. चार दिवस खोकं सासूबाईंच्या कॉटवर आणि सासूबाई सोप्यात. कस्टमर केअरला फोन केला तर हिंदीसाठी एक, इंग्रजीसाठी दोन, कन्नडसाठी तीन. मराठी नाहीच. मी तीन दाबलं, माझं कन्नड बाजारापुरतं, पलीकडच्या बाईचं एकदम पुस्तकातलं, शेवटी दोघी हिंदीत बोललो. भिंतीवर लावायच्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे घेतले तेही आधी सांगितलं नव्हतं. विचारा आधीच, ब्रॅकेट खोक्यात आहे का, आणि आहे तर खाली कलणारा आहे का सरळ.

पण आलेला मुलगा चांगला होता, बैलहोंगलकडचा. शोकेसमध्ये बसत नाही म्हटल्यावर भिंतीवर लावायचं ठरलं. आमची भिंत जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा, ड्रिल लावलं की लाल भुगा नुसता सांडतोय आणि भोक पाहिजे त्यापेक्षा मोठं होतं. त्यानं सोबत आलेले बारके स्क्रू बाजूला ठेवले, ह्यांना लांब स्क्रू आणि मोठे प्लास्टिकचे प्लग आणायला पिटाळलं, आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यात न घेता चिऱ्याच्या मधोमध भोकं पाडली. जुनं घर असेल तर हे लक्षात ठेवा, सांध्यात पकड येत नाही.

उंचीवरनं मात्र वाद झाला. ही बसवणारी माणसं सवयीनं पाच-साडेपाच फुटावर लावतात, उभ्या माणसाच्या डोळ्यांना बरोबर. सासूबाई कॉटवर उशीला टेकून बसल्या आणि तिथून कन्नडमध्ये हुकूम.

"अज्जी, स्वल्प म्याग?" (आजी, जरा वर?)

"ब्याडप्पा. केळग, केळग." (नको बाबा. खाली, खाली.)

तो टीव्ही धरून खाली, अजून खाली.

"साकु?" (पुरे?)

"अजून चार बोट घे की रे," आता मराठीत, आणि त्याला ते पण कळलं.

शेवटी काचेचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटावर आला, आणि ब्रॅकेट किंचित खाली कलवला. त्या मुलाला पटलं नव्हतं, म्हणाला देखो मॅडम, बादमें बोलना नहीं. आता महिना झाला, मान दुखते म्हणून एकदाही ऐकलं नाही. सोप्यातला टीव्ही उंच आहे, तिथं रोज दुखायची.

बसवल्यावर मी पहिलं काम काय केलं तर चित्राचा मोड बदलला. येताना तो 'व्हिव्हिड'वर असतो, सगळे चेहरे हळद लागल्यासारखे. सिनेमा किंवा स्टँडर्ड करा, शार्पनेस निम्म्याच्या खाली आणा, साध्या केबलवर तर अगदी खाली, कडांचा तो पांढरेपणा जातो. जुनं चौकोनी चित्र ताणून रुंद करायचं सेटिंग असतं ते काढा, नाहीतर सगळे जाडे दिसतात. रात्री खोलीत त्याचा लाल दिवा डोळ्यावर येतो म्हणून बघितलं तर तो बंद करायची सोय आमच्यात नाही, इन्सुलेशन टेपचा बारका तुकडा लावला. रिमोटचा सेन्सर बाजूलाच असतो, त्यावर नाही लावायचा, मी लावला होता, दहा मिनिटं रिमोट बिघडला म्हणून बसले.

रिमोटबद्दल एकच वाईट बोलायचं आहे. दहा-बारा बटणं, त्यातली चार कुठल्या कुठल्या ॲपची, आणि आकड्यांची बटणं नाहीत. सासूबाईंना चॅनलचे नंबर पाठ आहेत. म्हणून केबलचा रिमोट वेगळा हातात ठेवावाच लागतो, टीव्हीचा फक्त चालू-बंद आणि आवाजाला. ॲपची बटणं चुकून दाबली की त्या घाबरतात, काहीतरी इंग्रजी उघडलं गं, म्हणून हाक येते. त्यावर मी कापसाचा पातळ थर आणि सेलोटेप लावलाय, दिसायला वाईट पण हाका थांबल्या.

शोकेसच्या कप्प्यात आता सेट-टॉप बॉक्स आहे, बाकी औषधं परत जागेवर.

आणि स्लीप टायमर, तो साडेदहाचा लावलाय, कारण मालिका चालू ठेवूनच झोपायची सवय. त्यांना सांगितलं होतं, विसरल्या. काल रात्री मी माडीवर कपडे घडी करत होते तर खालनं हाक, "करंट गेला काय गं?" मी वरनं म्हटलं न्हाई ओ आई, फॅन चालू आहे की बघा. जरा वेळ शांत. मग आवाज आला, "मग तो बंद पडला, आणि चारच दिवस झाल्यात."